बुलेट ३५०: कॅम कोणता, बेंड पाईप केवढा?

गाडी कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट ३५०. चार गिअर, गिअरचा पेडल उजव्या पायाला. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ९० मिमी, म्हणजे ३४६ सीसी. कंपनीचा छापील आकडा ५६२५ आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) १८ बीएचपी. कार्ब्युरेटर मिककार्बचा, २४ मिमीचा. इंजिन धूर देऊ लागल्यामुळे बोअरला (सिलिंडर घासून घ्यायला) काढायचंच होतं, मग मालकाने ठरवलं की उघडतोच आहे तर थोडं 'काम' करून घेऊ. गाडी पुण्याची, फेऱ्या सातारा-कोल्हापूरच्या, मागे बहुतेक वेळा माणूस आणि सामान.

मागण्या तीन. हायवेला ८५ ते ९० वर गाडी दमू नये. खंबाटकी घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये ओढ राहावी, सारखं दुसऱ्यावर यायला लागू नये. आणि आवाज भारदस्त हवा. गॅरेजमधून मिळालेला सल्ला नेहमीचाच होता: 'रेसिंग' कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या-मिटवणाऱ्या फिरत्या उंचवट्यांचा) जोड, ३८ मिमीचा मोठा बेंड पाईप (हेडपासून सायलेन्सरपर्यंतचा नळा) आणि त्याला शॉर्ट बॉटल सायलेन्सर. तिन्ही वस्तू बाजारात सहज मिळतात, एका दिवसात बसतातही. या गाडीला आणि या वापराला मात्र तिन्ही चुकीच्या आहेत. का, आणि त्यांच्याऐवजी काय बसवायचं, ते आकड्यांनिशी पाहू.

आधी आरपीएम काढा

कॅमचा कॅटलॉग उघडण्याआधी मालक प्रत्यक्षात इंजिन किती आरपीएमवर चालवतो हे कळलं पाहिजे. बुलेटला टॅकोमीटर नसतो, पण त्याची गरजही नाही. गाडी मेन स्टँडवर घ्या, प्लग काढा, चौथा गिअर टाका, प्लगच्या भोकात प्लास्टिकची स्ट्रॉ धरा आणि मागचं चाक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. पिस्टन किती वेळा वर येतो ते मोजा. (सायकलची तार घालू नका. ती तिरकी अडकली की नवीन पिस्टनला ओरखडा.) पिस्टन ११ वेळा वर आला तर चौथ्याचा एकूण रेशो ५.५ (चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे साडेपाच). मग टायरवर खडूची खूण करा, माणूस बसवून गाडी एक फेरा ढकला आणि जमिनीवरचं अंतर मोजा. १९ इंची चाकाला ते साधारण २.०५ मीटर भरतं. स्प्रॉकेट बदललेलं असेल तर रेशो वेगळा येईल. पुढचा हिशोब ५.५ धरून आहे.

८५ चा वेग म्हणजे मिनिटाला १४१७ मीटर. भागिले २.०५, गुणिले ५.५: इंजिन ३८०० वर. ९० ला सुमारे ४०२५. उलट बाजूने पाहिलं तर छापील १८ बीएचपी ज्या ५६२५ आरपीएमला मिळते, तिथे चौथ्यात गाडीचा वेग १२५ असायला हवा. स्टॉक ३५० तिथवर जातच नाही आणि या मालकाला जायचंही नाही. त्याचं सगळं आयुष्य २५०० ते ४२०० या पट्ट्यात आहे. रेसिंग कॅम ज्या पट्ट्यात कामाला येतो तो याच्या वर सुरू होतो. म्हणजे पैसे भरून त्याने अशा जागी ताकद विकत घ्यायची जिथे तो कधी जाणार नाही, आणि ती घेताना रोज जिथे असतो तिथली ताकद गमवायची.

जाण्यासारखी ती जागाही नाही. ९० मिमी स्ट्रोकला ५००० आरपीएमवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५ मीटर, ५६२५ वर जवळजवळ १७. आधुनिक इंजिनं याहून जोरात पळतात, पण त्यांच्या बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रँकवरच्या टोकाला) रोलर बेअरिंग असतं किंवा भरपूर दाबाचं तेल. इथे तरंगता बुश आहे आणि तेल पुरवायला वर-खाली होणारा छोटासा पंप. ३८ मिमीचा पाईप घेण्यापेक्षा त्या पैशात तेलाच्या वाटेची डागडुजी आधी करावी, हे आमचं ठाम मत आहे. टायमिंग कव्हरमधून क्रँकमध्ये तेल जातं तिथलं छोटं सील, कॉर्कचं असो वा रबराचं, प्रत्येक वेळी नवीन टाकावं. ते झिजलं की तेल बिग एंडला न जाता टायमिंग चेंबरमध्येच सांडतं, आणि वरून काही कळत नाही.

स्टॉक कॅम लहान आहे का?

बुलेटच्या मॅन्युअलमध्ये छापलेलं टायमिंग असं: इनलेट (माल आत घेणारा व्हॉल्व्ह) टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर) ३० अंश आधी उघडतो, बीडीसीनंतर (पिस्टन सगळ्यात खाली) ६० अंशांनी मिटतो. एक्झॉस्ट बीडीसीच्या ७५ अंश आधी उघडतो, टीडीसीनंतर ३५ अंशांनी मिटतो. बेरीज करा. इनलेट ३० + १८० + ६० = २७० अंश उघडा. एक्झॉस्ट ७५ + १८० + ३५ = २९० अंश. दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे राहण्याचा काळ, म्हणजे ओव्हरलॅप, ३० + ३५ = ६५ अंश. कागदावर हे आकडे एखाद्या तापट कॅमसारखे दिसतात. 'स्टॉक कॅम फार लहान असतो' असं सांगणाऱ्याने ही बेरीज कधी केलेली नसते.

मग १८ बीएचपीच का? कारण हे आकडे व्हॉल्व्ह सीटवरून जेमतेम हलतो तिथपासूनचे आहेत. जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या कॅमला सुरुवातीला आणि शेवटी लांबच लांब सौम्य उतार असतो. टॅपेटचा (कॅमवर टेकून पुशरॉड ढकलणाऱ्या भागाचा) आवाज होऊ नये, झिजून गॅप वाढला तरी चालावं, म्हणून. त्या उतारावर व्हॉल्व्ह कागदाएवढा उघडा असतो आणि तिथून वायू म्हणावा तसा जात नाही. खरं तुलनेचं टायमिंग टॅपेटच्या १ मिमी लिफ्टला (उचलीला) मोजतात. तिथे स्टॉक कॅमचा काळ बराच आखूड निघतो.

कॅटलॉगमधली मेख इथेच असते. एकाने आकडा सीटवरून दिलेला असतो, दुसऱ्याने १ मिमीवर, तिसऱ्याने इंचातल्या ०.०५० लिफ्टवर. २७० अंशांचा एक कॅम स्टॉकएवढा शांत असतो आणि २४० चा दुसरा इंजिन हादरवून सोडतो. विकणाऱ्याला दोनच गोष्टी विचाराव्यात: हा आकडा कुठल्या लिफ्टवरचा, आणि इनलेट कधी मिटतो. उत्तर मिळालं नाही तर तो कॅम घेऊ नये.

या इंजिनाला हवा आहे तो असा कॅम: सीटवरचं टायमिंग स्टॉकच्या आसपास, इनलेट बीडीसीनंतर ६० ते ६५ अंशांत मिटणारा, पण उतार आखूड आणि लिफ्ट थोडी जास्त. म्हणजे व्हॉल्व्ह तेवढाच वेळ उघडा, पण त्या वेळातला जास्त भाग पुरता उघडा. बाजारात असे कॅम 'फास्ट रोड' प्रकारात येतात. इनलेट ७०-७५ अंशांना मिटवणारे जे असतात ते ट्रॅकसाठी.

जुन्याच कॅमला घासून लिफ्ट वाढवून देणारे कारागीर आहेत. काम स्वस्तात होतं, पण त्यातलं गणित समजून घ्या. घासून लोबची (कॅमच्या उंचवट्याची) उंची वाढत नाही, खालचं वर्तुळ कमी केलं जातं. लिफ्ट १ मिमी वाढवायची तर वर्तुळाची त्रिज्या १ मिमीने घटते, आणि तेवढाच अॅडजस्टर पुशरॉडच्या बुडाशी वर उचलावा लागतो. आट्यांत तेवढी जागा उरते का ते आधी पाहा. दुसरं, कॅमचा कडकपणा वरच्या पातळ थरापुरता असतो. तो थर घासला गेला आणि पुन्हा हार्डनिंग झालं नाही, तर लोब थोड्याच दिवसांत गोल होतो आणि त्याचा कीस तेलातून सगळीकडे फिरतो. पुन्हा हार्डनिंगची खात्री नसेल तर घासलेला कॅम टाळावा.

इनलेट मिटण्याचा कोन आणि कॉम्प्रेशन

कॅम निवडताना सगळ्यात महत्त्वाचा आकडा इनलेट मिटण्याचा. पिस्टन खालून वर यायला लागला तरी इनलेट उघडाच असतो. तो मिटेपर्यंत दाब चढत नाही. कमी आरपीएमवर तर आत घेतलेला माल तोपर्यंत कार्ब्युरेटरकडे परत ढकलला जातो.

कनेक्टिंग रॉड स्ट्रोकच्या दुप्पट लांबीचा धरून हिशोब करू. हेडचं चेंबर ब्युरेटने मोजावं: व्हॉल्व्ह बसवलेले, प्लग लावलेला, वर ग्रीस लावून काचेचा तुकडा, त्याच्या भोकातून पातळ तेल. पिस्टनचा घुमट आणि गॅस्केटची जाडी धरून टीडीसीला एकूण ६० सीसी जागा उरते असं समजू. पूर्ण स्ट्रोक धरून स्थिर कॉम्प्रेशन (३४६ + ६०) ÷ ६० = ६.८.

इनलेट ६० अंशांना मिटला तर पिस्टनला दाबायला ९० पैकी सुमारे ७२ मिमी स्ट्रोक उरतो, खरं कॉम्प्रेशन ५.६. ६५ अंशांना मिटला तर ६९ मिमी, ५.४. ७० ला ६५ मिमी आणि ५.२. ७५ ला ६२ मिमी आणि जेमतेम ५.

आधीच मवाळ इंजिनाला रेसिंग कॅम लावून कॉम्प्रेशन न वाढवणं म्हणजे पाचावर आणून ठेवणं. किक मऊ लागते, आयडलला इंजिन अडखळतं, क्लच सोडताना जास्त रेस द्यावी लागते, घाटात दुसरा गिअर. गाडी 'वर' छान चालते असं मालक म्हणतो, कारण खाली ती इतकी मेलेली असते की वर आल्यावर फरक जाणवतो.

हरवलेलं कॉम्प्रेशन परत मिळवता येतं. ६५ अंशांच्या कॅमला पुन्हा ५.६ वर यायला चेंबर २.५ सीसीने घटवावं लागतं. ७० मिमी बोअरचं क्षेत्रफळ ३८.५ चौरस सेंमी, म्हणजे लेथवर साधारण ०.६५ मिमी काढायचं. ७० अंशांच्या कॅमला १.४ मिमी. ७५ च्या कॅमला २.१ मिमी, म्हणजे पुशरॉड लांब पडणार, व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येणार, हेड आणि ब्लॉक बसण्याच्या कडेशी कारागिरी करावी लागणार. ते काम वेगळ्या प्रकारच्या गाडीचं.

आजच्या पेट्रोलला याहून जास्त कॉम्प्रेशन चालतं. पुढे आलेल्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात असलेल्या) इंजिनात कंपनीनेच ८.५ दिलं. पण तिथे खालचा भागही नवा होता. इथे तरंगता बुश सांभाळून स्थिर कॉम्प्रेशन ७.२ ते ७.५ च्या वर नेऊ नये. या गाडीसाठी ठरलं ते असं: ६२ ते ६५ अंशांना इनलेट मिटवणारा कॅम, आणि चेंबर ५५ सीसी. स्थिर ७.३, खरं ५.८ च्या आसपास. स्टॉकपेक्षा किंचित जास्त, आणि खालची ओढ वाढवणारं काम यातलं मुख्यतः हेच. कॅम त्याला साथ देतो.

कार्ब्युरेटरबद्दल थोडक्यात. ४००० आरपीएमला पिस्टनचा वेग सेकंदाला १२ मीटर. २४ मिमीच्या तोंडातून हवेचा सरासरी वेग त्याच्या साडेआठ पट, १०२ मीटर. ५००० ला १२८. म्हणजे वरच्या टोकाला गळा आवळलेला आहे तो कार्ब्युरेटरने. रेसिंग कॅम लावून २४ चाच कार्ब्युरेटर ठेवण्यात काही अर्थ नाही, हे यावरून कळावं. पाचशेच्या बुलेटला २८ मिमीचा मिककार्ब यायचा. तो ३५० ला बसवता येतो, पण २००० च्या खाली चालवण्याची सफाई थोडी जाते. आपला पट्टा ४२०० ला संपतो, म्हणून २४ चाच ठेवला.

बेंड पाईप आणि सायलेन्सर

जाड पाईप म्हणजे मोकळा श्वास, ही समजूत बुलेटवाल्यांत सगळ्यात घट्ट रुजलेली. पाईपमधल्या वायूला वजन असतं आणि तो वेगात असला तर मागे ओढ निर्माण करतो. ओव्हरलॅपच्या ६५ अंशांत हीच ओढ सिलिंडर साफ करते आणि ताजा माल आत घेते. वेग पडला की उलटं होतं: जळका वायू परत आत येतो.

४००० आरपीएमला पाईपमधला सरासरी वेग असा येतो. ३२ मिमी आतल्या व्यासाला सेकंदाला ५७ मीटर, ३५ ला ४८, ३८ ला ४१. ३८ चा पाईप म्हणजे २९ टक्के वेग हातचा घालवला, तोही अशा इंजिनात ज्याचा वायूच मुळात कमी आहे. शिवाय एक गोष्ट नीट पाहा: पाईपचा आकडा दुकानदार बाहेरून सांगतो. ३५ चा पाईप १.५ मिमी पत्र्याचा असेल तर आतून ३२. कॅलिपर खिशात घेऊनच दुकानात जावं. या गाडीला आतून ३२ चाच पाईप ठेवला.

पाईपची लांबी काढायला एक जुना ढोबळ हिशोब आहे: २१५९० गुणिले (१८० + एक्झॉस्ट बीडीसीच्या आधी किती अंशांना उघडतो), भागिले आरपीएम, वजा ७६. उत्तर मिमीमध्ये, व्हॉल्व्हपासून पाईप सायलेन्सरच्या मोकळ्या पोटात उघडतो तिथपर्यंत. ७५ अंशांना ५५०० साठी ९२५ मिमी येतात, ४५०० साठी ११४७, ४२०० साठी १२३५. आपल्याला खालचा पट्टा हवा, म्हणजे पाईप लांब हवा. बुलेटच्या फ्रेमवर एवढी लांबी बसवायची तर सांधा मागे न्यावा लागतो आणि सायलेन्सर त्यामुळे आखूड पडतो. हेड ते फूटरेस्टच्या मागे असा अखंड पाईप आणि तिथून पुढे सायलेन्सर, एवढी तडजोड पुरते. हिशोब तंतोतंत जुळवण्याचा हट्ट धरू नये. रस्त्यावरच्या एका सिलिंडरच्या गाडीत, सायलेन्सर लावलेला असताना, लांबीपेक्षा व्यासाचा फरक जास्त जाणवतो.

सायलेन्सरचं पोट सिलिंडरच्या दहा पट असावं, म्हणजे ३५० ला साडेतीन लिटर. ९० मिमी व्यासाची ३५ सेंमी लांब शॉर्ट बॉटल रिकामी असली तरी २.२ लिटरच भरते. १०० मिमी व्यासाचा ६० सेंमी लांबीचा नळा ४.७ लिटर. बाजारातले गोल्डस्टार सायलेन्सर बीएसए गोल्ड स्टारच्या नावावर विकले जातात आणि दिसतातही देखणे, पण एकसारखे दोन नसतात. घेताना मागून टॉर्च मारून पाहा. आरपार उजेड दिसला आणि आत जाळीचा नळा नसेल तर ते नुसतं कवच आहे. हवी ती रचना अशी: आत ३५ मिमीचा भोकांचा नळा, त्याच्याभोवती काचेची लोकर ठासून भरलेली, आणि ती लोकर काढून बदलता येईल असं मागचं टोपण. याचा आवाज खोल येतो, फाटत नाही. लोकर जळून संपली की आवाज कर्कश होतो, तेव्हा ती बदलायची.

आवाजाचा दुसरा हिशोब कायद्याचा. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला निर्मितीच्या वेळची मर्यादा ८० डेसिबल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली मूळ रचनेत परस्पर बदल चालत नाही, आणि आवाजाच्या मर्यादेचा भंग कलम १९०(२) खाली येतो: १०,००० रुपयांपर्यंत दंड, कैद किंवा दोन्ही, वर तीन महिने लायसन्स निलंबित. मुंबई-पुणे-नागपूरला पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोड रोलर फिरवल्याच्या बातम्या सगळ्यांनी पाहिल्यात. त्यात शॉर्ट बॉटलींचा भरणा असतो. मूळ सायलेन्सर भंगारात देऊ नये.

बसवताना

तेल काढा, टायमिंग कव्हर उघडा. क्रँकच्या टोकाला असलेला वर्म नट डाव्या आट्यांचा आहे. जोर लावून उलटा फिरवला तर शाफ्टच्या आट्या जातात, आणि ते दुरुस्त करायला क्रँक बाहेर काढावा लागतो. पुशरॉडचे अॅडजस्टर आधी पूर्ण सैल करा, मगच कॅम ओढा.

कॅम ज्या स्पिंडलवर फिरतात ते सरळ आहेत का पाहा. कॅम हाताने फिरवला तर एका जागी घट्ट आणि एका जागी सैल लागता कामा नये. नवीन गॅस्केट घालून कव्हर आवळल्यावरही कॅमला बाजूने किंचित हालचाल राहिलीच पाहिजे. नवा कॅम थोडा रुंद निघून कव्हरमध्ये दबला, तर तो पहिल्याच फेरीत स्पिंडल चाटतो.

दात्यांवरच्या खुणा जुळवल्या म्हणजे काम झालं असं नाही. बाहेरून आलेल्या कॅमवर खुणा चुकीच्या ठोकलेल्या आढळतात. डिग्री व्हील (क्रँकचे कोन मोजायची चकती) लावा. टीडीसी डोळ्यांनी ठरवू नका. प्लगच्या भोकात स्टॉपर लावून दोन्ही बाजूंचे कोन घ्या आणि मधला बिंदू धरा. टॅपेटवर डायल गेज ठेवून लोबचा माथा काढा. स्टॉक टायमिंगचा हिशोब असा: इनलेटचा माथा २७० ÷ २ − ३० = टीडीसीनंतर १०५ अंश, एक्झॉस्टचा २९० ÷ २ − ३५ = टीडीसीच्या आधी ११० अंश. नव्या कॅमचा माथा त्याच्या कागदावर दिलेला असतो, त्याच्याशी पडताळा. कॅमच्या गिअरला जितके दात तितक्यांनी ७२० ला भागलं की एक दात म्हणजे किती अंश ते कळतं. ५० दात्यांना १४.४. फरक अर्ध्या दातापेक्षा जास्त निघाला तर दात चुकला आहे. त्यापेक्षा कमी, चार-पाच अंशांचा असेल, तर तो राहू द्यावा. दात हलवला तर बिघाडच होईल.

मग शाडूची माती. पिस्टनवर व्हॉल्व्हच्या जागी पातळ थर, हेड हाताने आवळून, इंजिन हळू दोन फेरे. माती कापून जाडी मोजा: इनलेटला किमान १.५ मिमी, एक्झॉस्टला २ मिमी. हेड घासलेलं असताना हे टाळणारा माणूस मोठा जुगारी. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगच्या वेटोळ्यांत मिळून किमान १ मिमी जागा उरते का आणि वरची वाटी गाइडवर आदळत नाही ना, हेही याच वेळी बघावं.

टॅपेट नवेच टाका. जुन्या टॅपेटच्या तळाला जुन्या लोबचा ठसा असतो. तो नव्या कॅमला काही तासांत खातो. लोबवर मॉलिब्डेनमची पेस्ट, तेल झिंक असलेलं. गॅप कॅम देणाऱ्याने सांगितला तेवढाच. स्टॉक बुलेटची पद्धत थंड इंजिनावर पुशरॉड बोटांनी फिरावा पण वर-खाली हलू नये अशी आहे, आणि ती आखूड उताराच्या कॅमला जशीच्या तशी लागू पडत नाही. अशा कॅमला सांगितलेला गॅप ठेवला की थोडी टकटक ऐकू येते. ती असू द्यावी. आवाज नको म्हणून गॅप शून्यावर आणला की गरम झाल्यावर एक्झॉस्ट पूर्ण मिटत नाही आणि सीट जळते.

पहिल्यांदा चालू केल्यावर आयडलला सोडू नका. कॅमवर तेल शिंतोड्यांनी पोचतं, आणि आयडलला ते पुरत नाही. रॉकरकडे जाणाऱ्या नळीचा बँजो बोल्ट सैल करून तेल येतंय हे पाहा, आणि मग २००० च्या आसपास वीस मिनिटं, आरपीएम थोडा वर-खाली करत. बोअर नवीन असल्यामुळे समोर पंखा हवाच.

जेटिंग, आणि तक्रारी कशा ओळखायच्या

मोकळ्या सायलेन्सरला मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं मुख्य भोक) एक पायरी मोठा लागतो, क्वचित दोन. त्याहून जास्त लागत असेल तर कुठेतरी हवा शिरते आहे. एक सरळ रस्ता घ्या, तिसऱ्यावर पूर्ण थ्रॉटल, मग एकदम क्लच दाबून इग्निशन बंद, थ्रॉटल तसाच उघडा. प्लग काढून पाहा: फिकट तपकिरी ठीक, पांढरट असेल तर मोठा जेट, काजळी असेल तर लहान. अर्ध्या थ्रॉटलला गाडी अडखळत असेल तर जेटला हात लावू नका, सुईची क्लिप एक खाच खाली सरकवा. सुई वर येते, मिश्रण जाड होतं.

थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात आणि बेंड पाईप निळा पडतो, हे दोन्ही बहुधा एकाच कारणाने. बुलेटचा पाईप हेडमध्ये नुसता ठोकून बसवलेला असतो, तिथून हवा शिरते. उष्णता सोसणारं सीलंट आणि खालचा ब्रॅकेट ताण न देता आवळणं, एवढंच. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी पेट्रोलचं धुकं उडत असेल तर मात्र जेटिंगने ते जाणार नाही. इनलेट फार उशिरा मिटतोय, किंवा इनलेटचा दात चुकलाय. २५०० ते ३२०० मध्ये गाडी बसते आणि पुढे सुटते, ही जाड पाईप आणि मोठ्या ओव्हरलॅपची खूण. पाईपच्या तोंडात ३ मिमीची रिंग बसवून व्यास घटवला आणि खळगा भरला, तर निदान पक्कं.

नवीन कॉम्प्रेशनला जुनं इग्निशन टायमिंग थोडं पुढे पडू शकतं. घाटात तिसऱ्यावर कमी वेगात पूर्ण थ्रॉटल दिल्यावर कडकड ऐकू आली तर दोन अंश मागे घ्या आणि पुन्हा त्याच चढावर तपासा.

पहिल्या ५०० किमीला तेल बदला, जुनं तेल चुंबकावरून ओतून पाहा. बारीक करडी पावडर चालते. चमकणारे कण दिसले तर टायमिंग कव्हर लगेच उघडून लोब बघा. हेडचे नट गार इंजिनावर पुन्हा आवळा, त्यानंतरच टॅपेट. आवळताना क्रम उलटा झाला तर टॅपेटचं काम परत करावं लागतं. एवढं झाल्यावर, ओढ पुरेशी वाढली आहे असं वाटलं, तर पुढचं स्प्रॉकेट एक दात मोठं लावून ८५ ला इंजिन दोनेकशे आरपीएमने खाली आणता येतं; मात्र आधी एकदा खंबाटकी मागच्या माणसासकट चढून पाहावी.